गळ्यातलं सोनं विलायतेला

लातूरच्या गंजबाजारात कापसाचा भाव पडला तेव्हा मोनप्पा सोनाराला त्याचं काहीच वाटलं नाही. कापूस पिकवणारे वेगळे, घेणारे वेगळे. आपण पडलो पांचाळ, आपलं काय जातंय, असं म्हणून तो हातातल्या मण्याला ठोके घालत राहिला. हे एकोणीसशे तीस सालचं. निजामाचं राज्य, त्याचाच हाली रुपया, आणि गावाबाहेर जिनिंगच्या धुराड्यांचा काळा धूर. त्या धुराचं आणि आपल्या शेगडीचं काही नातं आहे, हे त्याला कळायला अजून अवकाश होता.

मोनप्पा मूळचा निलंग्याकडचा. बार्शीची छोटी रेल्वे लातूरपर्यंत आली आणि मागोमाग कापसाच्या जिनिंग उभ्या राहिल्या, तेव्हा त्याचा बाप बायकापोरं आणि ऐरण बैलगाडीत घालून लातूरला आला. गंजाच्या मागच्या बोळात त्यानं एक खण भाड्यानं घेतला. तिथंच मिसरूड फुटलेल्या मोनप्पाचा हात तयार झाला, तिथंच काळम्माशी लग्न होऊन त्याचा संसार झाला, आणि एकुलती मुलगी नांदेडला दिली तीही तिथूनच. माणूस ठेंगणा, अंगानं काटक, जिभेनं तिखट. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणायचा, "घाई असंल तर बाजारात काचंचे मणी मिळतेत, ते घाला." पण हात असा होता की लोक त्याचं बोलणं पोटात घालत.

त्याची बोरमाळ नावाजलेली. पातळ पत्र्याचा पोकळ मणी, आत लाख भरलेली, वरून बोरासारखी गोलाई. अख्ख्या माळेत एक मणी बेढब सापडायचा नाही. पहिल्या मोठ्या लढाईनंतर कापसाला भाव आला तेव्हा लातूर, रेणापूर, औशापासून त्याच्याकडे माणसं येत. रेणापूरच्या जगदेवीनं तेव्हाच त्याच्याकडून बोरमाळ करून घेतली होती. जगदेवी लिंगायताच्या घरची. नवरा बसवंत अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, तेव्हापासून शेतीचा सगळा कारभार तिच्याच अंगावर. ती गाडीतून उतरायची, बोळात सगळ्यांदेखत मणी हातात घेऊन उन्हाकडे धरायची आणि म्हणायची, "मोनप्पा, ह्यो जरा चपटा वाटतोय." मोनप्पा खवळायचा. ती हसायची. चपटा काही नसायचाच.

आणि नुसते शेतवाले नव्हे. जिनिंगमध्ये चरकावर कापूस घालणारी लक्ष्मम्मा, नवरा गंजात हमाल, दोघंही उदगीरकडून पोटापाठी आलेली, तिनंसुद्धा एका हंगामाच्या मजुरीतून कानातली फुलं करायला टाकली होती. फुलं होईपर्यंत दर बाजाराच्या दिवशी ती दारात येऊन उभी राहायची. अंगाला, केसाला, पापण्यांना कापूस चिकटलेला. "झाली का, आप्पा?" "न्हाई झाली." "मग बघू तर द्या." मोनप्पा अर्धवट घडलेलं फूल चिमट्यात धरून दाखवायचा. ती हात लावायची नाही, नुसती बघायची आणि परत कामावर जायची.

असे ते दिवस. आणि मग कापूस बसला.

गंजात गाड्या येत होत्या आणि तशाच भरलेल्या परत जात होत्या. आडते भाव बोलायलाच तयार नव्हते. दिवाळीनंतर धडधडायला लागणाऱ्या जिनिंगपैकी निम्म्या त्या वर्षी सुरूच झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्यांनी बायकांची मजुरी अर्ध्यावर आणली. लग्नं पुढं ढकलली गेली, आणि लग्नांबरोबर मोनप्पाचं काम. ऐरणीवर धूळ बसू लागली तेव्हा कुठं तो अवधूतरावांना विचारता झाला.

अवधूतराव तहसिलीत कारकून. संध्याकाळी कचेरी सुटली की घरी जाताना मोनप्पाच्या ओट्यावर टेकायचे आणि दोन दिवस शिळा पुण्याचा पेपर उलगडायचे. उर्दूत दिवसभर लिहून कंटाळलेला माणूस मराठी वाचून डोळे निववतो, असं ते म्हणत.

"अमेरिकेत सट्टेबाजार कोसळला, मोनप्पा. तिथल्या बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. माणसं कपडा घेईनात, म्हणून गिरण्या कापूस घेईनात."

"अमेरिकेतल्या माणसानं कपडा घेतला न्हाई म्हून आमच्या लक्ष्मम्मानं उपाशी ऱ्हायचं?"

"तसंच आहे ते."

"तिनं काय केलंय अमेरिकेचं?"

अवधूतरावांनी पेपराची घडी घातली. "तिनं काही केलेलं नाही रे. पण सगळं एका दोरीत ओवलेलं आहे."

"आन् लढाईनंतर भाव चढला व्हता, तवा तिची मजुरी किती वाढली व्हती? मला ठावं हाय. तिनं फुलांसाठी सबंद हंगाम घालवला. चढताना दोरी तुटलेली, आन् पडताना बरी जोडलेली!"

अवधूतराव पेपर काखेत मारून घराकडे निघाले.

शेतसारा मात्र होता तोच. कापूस निम्म्यावर आला म्हणून सरकारी सारा निम्म्यावर आला नाही. तो रोकड्यातच भरायचा, मुदतीतच भरायचा. आणि धान्याचंही तेच झालेलं. ज्वारी रगड पिकलेली, पण बाजारात नेली तर गाडीभाडं सुटायची मारामार. ज्याच्याकडे दाणा होता त्याच्याकडे रोकड नव्हती, आणि ज्याला मजुरी नव्हती त्याच्याकडे दाणा घ्यायला काही नव्हतं. मधल्या बाजारात नुसत्या माश्या.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या सुमाराला, नवीनच गोष्ट घडली. विलायत सरकारनं आपल्या पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, अशी बातमी पेपरात आली. मोनप्पाला ती नीट समजली नाही. पण आठवड्याभरात जे दिसलं ते समजायला पेपराची गरज नव्हती. कापूस, ज्वारी, भुईमूग, बैल, सगळ्यांचे भाव खाली आणि एकट्या सोन्याचा वर. रोज वर.

गुरुपादप्पा सावकार त्याच्या बोळात आले ते तेव्हा. गुरुपादप्पा गंजातले मोठे आडते. कापसात त्यांचं कंबरडं मोडलं होतं; दुकानातले चार नोकर त्यांनी काढले होते. आता मुंबईच्या एका पेढीनं त्यांना सोनं गोळा करायला नेमलं होतं.

"मोनप्पा, घडवायचे दिवस गेले," ते ओट्यावर बसत म्हणाले. "आता आटवायचे आलेत. मुंबईला दागिना चालत न्हाई, लगड लागती. माझ्या आडतीच्या मागल्या अंगणात शेगडी मांड. काम भरपूर हाय."

"कुणाचं सोनं?"

"ज्येला इकायचंय त्येचं. जुलूम न्हाई काई. भाव चांगला मिळतोय, लोक खुशीनं देतेत."

मोनप्पा लगेच हो म्हणाला नाही. पण घरात काळम्मानं कण्या शिजवायला सुरुवात करून महिना उलटला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं भाता, सोनं आटवायची मूस आणि सांडशी डोक्यावर घेतली आणि गुरुपादप्पांच्या अंगणात जाऊन शेगडी मांडली.

लोक खुशीनं देत होते म्हणे! पुढच्या ओसरीवर गुरुपादप्पांचा मुनीम काटा घेऊन बसे, आणि मागं अंगणात मोनप्पा. मध्ये एक दार. त्या दारातून त्याला माणसं दिसत. कुणी पदराआड मूठ धरून आलेली. कुणी नवऱ्याच्या मागं तोंड फिरवून उभी. मुनीम दागिना घ्यायचा, पारखायचा, तोलायचा. कलदारातला, म्हणजे इंग्रजी रुपयातला, भाव हालीत करताना वर बट्टा कापायचा. मग दागिने पाटीत पडत आणि पाटी मागं येई. पाटल्या, गोठ, सऱ्या, वज्रटिका, लहान लेकरांच्या कमरेच्या साखळ्या. बाई रोकड घेऊन जी उठायची ती सरळ तहसिलीच्या दिशेनं चालू लागायची. तिच्या हातात तो पैसा गंजातून तहसिलीत सारा भरेपर्यंतच काय तो थांबे.

त्यात मोनप्पाचं स्वतःचंही काम असे. ते त्याला दुरून ओळखू येई. बोरमाळ आटवायची तर आधी मणी फोडून लाख जाळावी लागते, नाहीतर सोनं घाण होतं. जळक्या लाखेचा तो कडवट, नाकात बसणारा वास सबंध गंजात पसरायचा. जाणारायेणारा म्हणायचा, आज कुणाची तरी बोरमाळ गेली. एकदा पाटीत गुरुपादप्पांच्याच बायकोची गळ्यातली एकदाणी आली. मोनप्पानं ती उचलून दारातून सावकाराकडे पाहिलं. सावकार चोपडीत मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

हातात पैसा आला होता. घरात पुन्हा भाकरी होऊ लागली. पण एका दुपारी जेवताना काळम्मा म्हणाली, "अवं, तुमच्या हातोडीचा आवाजच न्हाई घरात. मला करमत न्हाई."

"गप जेव," तो म्हणाला, आणि स्वतःच ताटावरून उठला.

लगडी झाल्या की त्या लाकडी पेटीत बंद करून, लाखेची मोहर उठवून स्टेशनावर जात. एकदा मोनप्पा पेटीबरोबर गेला. अवधूतराव तिथं सासुरवाडीच्या पाहुण्यांना पोचवायला आलेले. दोन शिपाई पेटी डब्यात चढवत होते.

"कुठवर जाती ही?" मोनप्पानं विचारलं.

"बार्शी, कुर्डुवाडी, मुंबई. तिथून बोटीनं विलायत."

"तिथं सोन्याचा काय दुष्काळ पडलाय?"

अवधूतराव आजूबाजूला बघून हळू बोलले. "विलायत सरकार कर्जात आहे, मोनप्पा. अमेरिकेचं देणं आहे, फ्रान्सचं देणं आहे. त्यांची पत चाललेली. हिंदुस्थानातून सोनं येतंय म्हणून ती सावरतेय. पेपरात तर असं लिहून आलंय की हिंदी रयतेनं आपलं निपचित पडलेलं सोनं बाहेर काढलं, चांगला नफा केला, शहाणपणा केला."

"निपचित पडलेलं?" मोनप्पाचा आवाज चढला, शिपाई वळून बघायला लागले. "गळ्यात पडलेलं व्हतं की! माझ्या डोळ्यांदेखत काढून दिलंय बायकांनी. सट्टा खेळले अमेरिकेचे, कर्ज केलं विलायतवाल्यांनी, आन् त्येंची पत राखायला रेणापूर-निलंग्याच्या बायकांनी गळं मोकळं करायचं? वर शहाणपणा म्हून शाबासकी? सरकारी चपराशी जुलमानं काढून नेत असता तर निदान बोंब तरी मारता आली असती!"

"हळू बोल," अवधूतराव म्हणाले. "माझी नोकरी आहे."

गाडी गेली. मोनप्पा तणतणत घरी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो शेगडीवर गेलाच. पोट होतं. याची त्याला मनातून चीड येत होती, आणि ती चीड कुणावर काढावी हे कळत नव्हतं.

पौष सरत आला होता. सकाळची वेळ, अंगणात अजून गारठा. मोनप्पानं नुकतीच शेगडी पेटवली होती. दारातून त्याला जगदेवी दिसली. बैलगाडी बाहेर सोडून ती एकटीच ओसरीवर येऊन बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गळ्यातून बोरमाळ काढली. काढताना तिनं एकदाही खाली पाहिलं नाही. तिच्या मागं दोन हातांवर लक्ष्मम्मा उभी होती. जिनिंग बंद पडून दुसरं वर्ष. गालफडं बसलेली, केसांत कापसाचा एक धागा नाही. तिच्या तळहातावर ती फुलं होती, कागदाच्या तुकड्यात.

मुनीमानं बोरमाळ काट्यात टाकली.

मोनप्पा उठला तो भाताही न सोडता. भाता उलथला. तो दार ओलांडून ओसरीवर आला आणि त्यानं काट्याच्या पारड्यातून बोरमाळ उचलली.

"ही मी आटवनार न्हाई."

मुनीम हबकला. गुरुपादप्पा गादीवरून म्हणाले, "मोनप्पा, कामावर जा. हा येव्हार हाय."

"येव्हार? कुणाचा येव्हार, सावकार? हिच्या रानात ज्वारी हाय, कापूस हाय, मेहनत हाय. ही दिवाळखोर झाली का? दिवाळं कुनाचं निघालं? आन् भरायला कोण बसलंय?"

"ओरडू नगस. मी न्हाई घेतलं तर दुसरा घील. माझ्या घरातलं गेलं ते तूच आटवलंस. मी काय बोललो?"

"न्हाई बोललाव, त्येच तर म्हंतो! कुनीच बोलना. सगळे आपले मान खाली घालून काटा बघत बसलेत!"

ओसरीखाली माणसं जमली. हमाल, गाडीवान, एक-दोन दुकानदार. मोनप्पा तसाच मागं गेला, पाण्याची घागर उचलली आणि पेटत्या शेगडीवर उपडी केली. निखारे फुत्कारले, अंगणभर राख उडाली, आणि तापायला ठेवलेली मूस तडकन फुटली. आत काही नव्हतं अजून. राखेनं माखलेला मोनप्पा परत ओसरीवर आला. त्याला वाटत होतं, आपण मोठं काहीतरी केलं.

तेव्हा लक्ष्मम्मा बोलली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आप्पा, तुमी न्हाई आटवलं, चांगलं केलं. आता मी ही फुलं खाऊ का?"

मोनप्पानं कपाळावरची राख पुसली.

"दोन दिवस चुलीवर काई न्हाई," ती म्हणाली. "तुमाला राग येतोय, आमाला भूक लागती. ज्वारी घ्यायाची हाय मला. ह्येनी पैसा द्यावा, मी जाती."

मुनीमानं फुलांसाठी हात पुढं केला. आणि मग जगदेवीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "ज्वारी घ्यायाची हाय?" ती म्हणाली. "माझी ज्वारी गाडीभाड्यात बी जायना म्हून मी ही माळ इकाया आले बाई."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीकडे दाणे, एकीकडे भूक. आणि दोघींच्या मध्ये गंज, मुंबई, विलायत आणि अमेरिका. मोनप्पा पुढं कित्येक वर्षं त्या ओसरीवरची हकीकत सांगे. इथं आला की तो संतापानं ऐरणीवर हातोडी आपटे.

"अक्का, अंगणातल्या पेवात किती दाना पुरलाय?" त्यानं शेवटी जगदेवीला विचारलं.

"दोन पेवं भरल्यात. फोडलं न्हाई. पेव एकदा फोडलं की सगळं उपसावं लागतं, न्हाईतर दाना किडतो. आन् गिऱ्हाईक कुठाय?"

"गिऱ्हाईक ही काय उभी हाय. पैसा न्हाई तिच्याकडं, हात हायत. तुझ्या रानात काम न्हाई?"

जगदेवीनं विचार केला. व्यवहाराची बाई ती. दया करायला बसली नव्हती. "वढ्याकडच्या बांधाच्या ताली फुटल्यात, दोन पावसाळे माती वाहून चालली. मजुरीला रोकड न्हाई म्हून तसंच पडलंय. तिथं दगूडमाती वाहायला लागतेत मानसं. ज्वारी दीन मी. रोज संध्याकाळी मापून."

"किती जणी येऊ?" लक्ष्मम्मानं विचारलं.

"पेव उपसंस्तोवर कितीबी."

गुरुपादप्पा गादीवरून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आन् सारा? तहसिली ज्वारी घेती का, इचार तिला."

हे खरं होतं. जगदेवीनं मोनप्पाच्या हातातून माळ घेतली. दोऱ्याची गाठ सोडली, निम्मे मणी काट्यात ओतले, उरलेले पदरात बांधले. "एवढ्यात सारा भागतोय," ती म्हणाली. "बाकीचं राहू दे." मणी पारड्यात पडताना मोनप्पानं तोंड फिरवलं. लक्ष्मम्मानं फुलं पुन्हा कागदात गुंडाळून कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या बायका रेणापूरच्या वाटेला लागल्या. लक्ष्मम्मा पुढं. मोनप्पाही गेला, शेगडी तर विझली होती, करणार काय? जगदेवीच्या अंगणात पेवाच्या तोंडावरची माती उकरली, कडबा बाजूला केला. आतली कोंडलेली हवा जीव घेते म्हणून अर्धा दिवस तोंड उघडं ठेवलं, मग दिवा सोडून पाहिला. दिवा विझला नाही. गडी आत उतरला आणि पहिली पाटी वर आली. जुन्या ज्वारीचा उबट वास अंगणभर झाला. लक्ष्मम्मानं मूठभर दाणे उचलले, तळहातावर फुंकले आणि तसेच कच्चे तोंडात टाकले. बाकीच्या बायका हसल्या, आणि मग त्यांनीही टाकले.

शिमग्यापर्यंत ते काम चाललं. ताली बांधून झाल्या. आजूबाजूच्या दोन-तीन कुणब्यांनीही पाहून आपापली पेवं फोडली, विहिरी उपसून घेतल्या. लातूरच्या त्या वस्तीत तेवढे महिने चुली पेटल्या. त्यानं गंज सुधारला नाही, कापूस वर आला नाही, आणि गुरुपादप्पांच्या ओसरीवरची रांगही थांबली नाही. त्यांनी बार्शीहून दुसरा आटवणारा आणला. आठवड्याच्या आत लाखेचा वास पुन्हा गंजात येऊ लागला.

मोनप्पाला मात्र लातुरात काम मिळेना. सराफ म्हणायचे, हा माणूस डोक्यानं गरम आहे, उद्या आमच्या शेगडीत पाणी ओतेल. त्याला एकदा चावडीवरही बोलावलं गेलं आणि बाजारात गलबला करू नये अशी समज मिळाली. अवधूतरावांनी मध्ये पडून ते तेवढ्यावर भागवलं. मग तो आणि काळम्मा नांदेडला मुलीकडं गेले. गोदावरीकाठचं मोठं गाव, मोठा सराफा, कापडाची गिरणी. तिथं तरी वेगळं असेल अशी त्याला आशा होती. पहिल्याच दिवशी जावयाबरोबर तो सराफ्यातून चालला, आणि एका गल्लीच्या तोंडाशी थबकला. जळत्या लाखेचा वास. पुढच्या गल्लीतही तोच. जावई म्हणाला, "इथं तर दिवाळीपास्नं रोजचंच हाय, मामा." मोनप्पा नदीवर गेला आणि घाटाच्या पायरीवर बसून राहिला. त्याला वाटलं होतं, लातुरात एका सावकाराशी आपलं भांडण आहे. हे तर गावोगावचं होतं. भांडायला समोर माणूसच नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडाशी दोघं लातूरला परतली. मोनप्पानं पितळेचं काम धरलं. पितळेची डोरली, पितळेच्या पाटल्या, वर सोन्याचं पुसट पाणी. बाकीचे सोनार हसले. बापाची ऐरण पितळेनं बाटवली, असं त्याचा चुलतभाऊ निलंग्याहून येऊन तोंडावर बोलून गेला. मोनप्पा म्हणाला, "बायांच्या गळ्यात काईतरी दिसू दे. मोकळे गळे बघून माझं डोकं फिरतं." त्या पितळेवरही त्याचं काम तसंच बारीक असायचं. पैसा बेताचा मिळायचा. काळम्माला घरात ठोक्यांचा आवाज मिळाला, आणि ती त्यावर खूश होती.

दोन-अडीच वर्षांनी कापूस जरा वर आला. एका सकाळी बंद पडलेल्या मोठ्या जिनिंगच्या धुराड्यातून पुन्हा धूर निघाला, तसं गाव बघायला गेलं. फाटकाशी बायकांची गर्दी. श्रीमंत नावाचा मुकादम बाकड्यावर उभा राहून सांगत होता की मजुरी मंदीतली, तीच अर्धी मिळेल. मालकाला अजून परवडत नाही, विलायतेत भाव अजून पुरता सावरला नाही.

लक्ष्मम्मा पुढं आली. "पुरता सावरला की सांगाया येनार का आमाला?"

"म्हंजी?"

"पडला तवा दुसऱ्या दिवशी सांगितलंव. मजुरी त्याच दिवशी कापलीव. मग आता चढतोय त्येबी रोज सांगा, फळ्यावर लिवून लावा. आमी वाचून घेऊ कुनाकडनं तरी."

श्रीमंत खाली उतरून आत गेला. बायका फाटकासमोर रस्त्यावर बसल्या. मोनप्पा गर्दीच्या कडेला उभा होता; तो येऊन त्यांच्यात बसला. कुणी म्हणालं, सोनाराचं इथं काय काम. तो म्हणाला, "मी आटवलंय ह्येंचं. माझंच काम हाय." दुपारी काळम्मा भाकरीचं गठुडं घेऊन आली. गाड्या कापूस भरून रस्त्यावर खोळंबल्या, गाडीवान शिव्या देऊ लागले, कुणाला ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही चरकावर कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मालकानं मजुरी अर्ध्यावरून पाऊण केली. पूर्वीइतकी नाही. पूर्वीइतकी ती दुसरी लढाई पेटेपर्यंत झालीच नाही, आणि तेव्हा ज्वारीच महाग झालेली होती.

पाऊण मजुरी घेऊन बायका आत गेल्या. यंत्रांची धडधड सुरू झाली. अवधूतराव कचेरीत जाताना फाटकापाशी थांबले होते. हातात पेपर होता. त्यांनी मोनप्पाला ओळ दाखवली. मंदी ओसरली, असं मोठ्या टायपात छापलेलं. मोनप्पाला अक्षर वाचता येत नव्हतं. अवधूतरावांनी वाचून दाखवलं.

"त्येला लिवून धाडा," मोनप्पा म्हणाला, "की लातुरात अजून पाव मंदी शिल्लक हाय."

अवधूतराव हसायला लागले, पण मोनप्पाच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. तो हसण्यासाठी बोललाच नव्हता. त्यानं धोतराची धूळ झटकली आणि पितळेचा पत्रा आणायला गंजाकडे निघून गेला.